एजन्सी वाढवायची की आवरायची? खानदेशातल्या माल वितरणाचं पुढे काय?

चोपड्याचा_एजन्सीवाला

मंडळी, धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

चोपड्यात आमची एजन्सी आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी बघतो. साबण-पावडरची एक मोठी कंपनी, एक बिस्किटाची, बाकी किरकोळ दोन-तीन. चोपडा शहर, अडावद-धानोरा, लासूर आणि वैजापूरकडचा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा, एवढ्या आमच्या लाइनी. मोठ्या कंपनीचा नवा एरिया मॅनेजर नुकताच येऊन गेला. शेजारच्या तालुक्यातला डिस्ट्रिब्युटर सोडतोय, ती हद्दही तुम्हीच घ्या म्हणाला. अट अशी की गोडाऊन दुप्पट करा, दोन गाड्या वाढवा आणि सेल्समन कमी करा, कारण यापुढे दुकानदार ऑर्डर ॲपवरून टाकणार.

मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. महिन्याची विक्री ३० लाख धरली. स्कीम-बिम सगळं धरून हातात साडेचार टक्के, म्हणजे १ लाख ३५ हजार. दोन सेल्समन ३२ हजार, ड्रायव्हर आणि माल उतरवणारा २४, डिझेल-गाडी २०, गोडाऊनचं भाडं १२, बिलं काढणारा ऑपरेटर १०. झाले ९८ हजार. मालात १५ लाख आणि बाजारातल्या उधारीत २० लाख, असे ३५ लाख अडकलेत. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) दहा टक्क्यांनी व्याज महिन्याला २९ हजार. एकूण १ लाख २७. उरले आठ. उंदरांनी कुरतडलेल्या पेट्या आणि नामंजूर झालेले क्लेम (खराब माल-स्कीमचे कंपनीकडून येणारे पैसे) यात धरलेलेच नाहीत.

पोरगा म्हणाला, “पप्पा, यात तुमचा पगार कुठंय?”

आता विचारायचं ते विचारतो. हा धंदा आणखी काही वर्षं चालणार आहे का? चालणार असेल तर दुप्पट करण्यात शहाणपण आहे का? की गाडी विकून, उधारी वसूल करून मोकळं व्हावं? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांनी लिहा. मोटिव्हेशनल भाषण नको.

निवृत्त_सेल्सवाला

मी उभी नोकरी तुमच्या मॅनेजरच्याच खुर्चीत काढली, आता जळगावात घरी असतो. म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

कंपनी काय करतेय ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १ जुलै २०१७ च्या आधी परराज्यातून थेट माल विकला की २ टक्के सीएसटी (केंद्रीय विक्रीकर) लागायचा आणि पुढच्याला त्याची वजावट मिळत नसे. तो वाचवायला प्रत्येक कंपनी राज्याराज्यात डेपो नाहीतर सी अँड एफ (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा एजंट) ठेवायची आणि माल बदली म्हणून पाठवायची. म्हणजे गोदाम कुठे असावं हे गिऱ्हाईक ठरवत नव्हतं, कर ठरवत होता. जीएसटी आला आणि ते कारण संपलं. छोटे डेपो बंद झाले, भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामं उभी राहिली. विक्रीकराचे नाके उठले, ई-वे बिल आलं. वरची पायरी आवरून झाली. आता खालची आवरायला घेतलीय, ती म्हणजे तुम्ही. दहा लहान वितरकांपेक्षा तीन मोठे बरे, हे गणित सगळीकडे एकच आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. पूर्वी कंपनीला एवढंच कळायचं की चोपड्याला अमुक पेट्या गेल्या. त्या पुढे कुठल्या टपरीवर गेल्या ते तुमच्या वहीत आणि सेल्समनच्या डोक्यात. डीएमएस, म्हणजे वितरकाच्या साठ्याची-विक्रीची नोंद कंपनीला दाखवणारं सॉफ्टवेअर, तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलं त्या दिवशी वही त्यांच्याकडे गेली. दुकानदाराच्या मोबाइलवर ॲप आलं की सेल्समनचं डोकंही गेलं. हिंदुस्तान युनिलिव्हरचं शिखर, आयटीसीचं उन्नती, ही याच वाटेवरची ॲपं. मशीन आता दुकानदाराला सुचवतं की तुझे पाऊच संपत आलेत, दोन लडी घे. आमच्या काळी हे सांगणारा माणूस हुशार सेल्समन म्हणून बक्षीस घ्यायचा.

मग तुमच्याकडे राहिलं काय? माल पोचवणं, उधारी, आणि परत आलेला माल. पोचवण्याचा दर पेटीमागे काढता येतो आणि कंपनी तो आज ना उद्या काढणारच. उधारीचा आणि परत आलेल्या मालाचा दर कुणीच काढत नाही, तो तुमच्या साडेचार टक्क्यांत गुपचूप बसवलेला असतो. गोडाऊनचं नंतर बघा, आधी हे दोन आकडे वेगळे काढून त्याच्यासमोर ठेवा.

तापीकाठ

+१. उधारीच्या वाक्याला तर +१००.

शहाद्याचा_किराणा

दुकानदार म्हणून लिहितो. एजन्सीवाले आम्हाला शिव्या घालतात की तुम्ही ॲपवरून माल मागवता. मागवतो, का नाही मागवणार? तेलाच्या डब्यामागे चार पैसे वाचतात. पण त्या ॲपवाल्याचे तीन त्रास आहेत. एक तर ठरावीक रकमेच्या खाली ऑर्डर घेत नाही. दुसरं, पैसे रोख नाहीतर आधी. तिसरं, एक्स्पायरी झालेलं बिस्किट परत घ्यायला कुणी येत नाही. फोन लावला की आधी एक दाबा, मग दोन दाबा.

आमच्याकडे पैसा वर्षभर सारखा फिरत नाही. कापूस विकला गेला की दिवाळीच्या पुढे-मागे गावात पैसा खेळतो, मिरचीचा हंगाम असतो तेव्हा थोडा, होळीआधी आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात डोंगरातून लोक उतरतात तेव्हा रोखीने विक्री होते. बाकी जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक वहीवर, मग मीही एजन्सीवाल्याच्या वहीवर. हे चक्र ॲपला समजत नाही असं नाही, समजत असेल. पण त्यात पैसे घालायची त्याची तयारी नाही.

राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटात पावडरची पिशवी ज्या भावाने गिऱ्हाइकाला मिळते, तो भाव माझ्या खरेदीच्याही खाली असतो. मी काय करू, तिथूनच पिशव्या भरून आणू? आणतात लोक.

निवृत्त_सेल्सवाला

@शहाद्याचा_किराणा, याच भावाच्या भांडणावर जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही बड्या कंपन्यांचा ठरावीक माल विकणं थांबवलं होतं. होलसेल मॉल आणि ऑनलाइनवाल्यांना जो भाव तोच आम्हाला द्या, एवढी मागणी. बोलणी झाली, माल पुन्हा सुरू झाला. मोठ्या खरेदीदाराला वेगळा भाव हा प्रकार त्याने संपला नाही आणि संपणारही नाही. ‘मॉडर्न ट्रेड’साठी, म्हणजे सुपरमार्केट-मॉलवाल्यांसाठी, वेगळ्या वजनाचे पॅक काढतात ते का, ओळखा.

पिंपरीतला_खानदेशी

सगळे उधारी उधारी करताय, पण पाच-सात वर्षांत यूपीआयचा इतिहास बघून बँका दुकानदाराला थेट कर्ज देतील. सुरुवात झालीच आहे. मग तुमची उधारीची मक्तेदारीही जाईल. ओएनडीसी (ऑनलाइन विक्रीचं सरकारी पाठबळाचं खुलं नेटवर्क) आहे, दहा मिनिटांत घरपोच देणारं क्विक कॉमर्स आहे. इथे पिंपरीत मी किराणा दुकानात पाऊल टाकून कैक महिने झाले. जळगाव-धुळ्यालाही हे येणारच. भावनिक होऊ नका, विकून टाका आणि पैसे म्युच्युअल फंडात घाला.

तापीकाठ

भाऊ, तुम्हले तठे दहा मिनिटमा दूध भेटस, आठे तासभर वाट देखीसन यष्टी भेटस नही.

पिंपरीतला_खानदेशी

😀 मान्य. पण नंदुरबारातलं डोंगराळ धडगाव म्हणजे अख्खा खानदेश नव्हे. जळगाव शहरातल्या एजन्सीवाल्याने काय करायचं ते सांगा.

शहाद्याचा_किराणा

यूपीआयचा खोका माझ्या गल्ल्यावर आहे. त्यावर कर्जाच्या ऑफरही येतात. पण त्यात रोज हप्ता कापला जातो. ज्या महिन्यात विक्री नाही त्याही महिन्यात कापतात. एजन्सीवाला आला आणि गल्ला रिकामा दिसला तर म्हणतो, “पुढच्या फेरीला दे.” फरक इथे आहे. आणि हो, पुढच्या फेरीलाही नाही दिलं तर तो चौकात चार माणसांत बोलतो, तेही खरं.

खातेपुस्तक_धुळे

सीए आहे, वितरकांची बरीच कामं करतो. इथे कायद्याचा भाग कुणी घेतला नाही म्हणून लिहितो, कारण वितरकाचा नफा आता दुकानात कमी आणि कागदात जास्त मुरतो.

ताजं उदाहरण २२ सप्टेंबर २०२५ चं. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. फरसाण-नमकीन १२ वरून ५ वर. धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. गिऱ्हाइकाला आनंद झाला, व्हायलाच हवा. पण त्या दिवशी गोदामात जो माल होता त्यावर वितरकाने १८ भरलेले आणि विक्री ५ ने. मधल्या फरकाचं क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) लेजरमध्ये जाऊन बसलं. दर उतरला या कारणाने त्याचा परतावा मिळत नाही, पुढच्या विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं करून घ्यायचं. ज्यांनी सणासाठी आधीच माल भरून ठेवला होता त्यांचं भांडवल असं कागदावर गोठलं. काही कंपन्यांनी क्रेडिट नोटा दिल्या, काहींनी ‘बघू’ म्हटलं. भरीला जुन्या एमआरपीवर नवी चिठ्ठी चिकटवायला माणसं बसवावी लागली.

दुसरी भानगड ४३बी(एच) म्हणून गाजलेल्या तरतुदीची. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटली आणि वर्षअखेरीला रक्कम थकलेली राहिली, तर तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षात मिळतो. २०२३-२४ च्या हिशेबापासून हे लागू आहे. आता गंमत बघा. व्यापारी म्हणून तुम्हीही उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी करू शकता, २०२१ पासून ती सोय आहे, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. तुमची बाकी थकली तर हे कलम तुमच्या मदतीला येत नाही. म्हणजे द्यायला ४५ दिवस आणि घ्यायला कापूस निघेपर्यंत.

उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की दुकानदाराच्या जीएसटी बिलाला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद) लागतं, १ ऑगस्ट २०२३ पासून. @चोपड्याचा_एजन्सीवाला, तुमचे महिन्याचे ३० लाख म्हणजे वर्षाचे ३ कोटी ६० लाख. दुसरा तालुका घेतलात की तुम्ही ही रेघ ओलांडणार. अवघड काही नाही, पण १० हजाराच्या ऑपरेटरकडून ते होणार नाही, हे हिशेबात धरा. आणि टार्गेट पुरं केल्यावर मिळणाऱ्या परदेश टूरवर २०२२ पासून १० टक्के टीडीएसची तरतूद आहे, वर्षाला २० हजारांच्या वर किंमत गेली की. बँकॉकला फुकट गेलो असं सांगणाऱ्यांना विवरणपत्र भरताना मी भेटतो.

धुळ्याचा_स्टॉकिस्ट

औषधांच्या बाजूने थोडक्यात. आमच्याकडे दुकानदाराचं मार्जिन सरकारी यादीतल्या औषधांना कायद्याने १६ टक्के, होलसेलचं रूढीने ८ ते १०. ऐकायला चांगलं वाटतं. पण दिवसातून दोनदा गाडी पाठवा, एक पत्ता गोळ्यांचासुद्धा पोचवा, असा बाजार आहे. ऑनलाइन औषधवाल्यांनी बीपी-शुगरचं महिन्याचं पक्कं गिऱ्हाईक शहरातून नेलं. आमच्याकडे राहिलं ते रात्री दहाला ताप आलेलं पोर. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड आलाय, खऱ्या-खोट्याची ओळख पटते. मला त्यात पुढची चाहूल वाटते. आज ब्रँड कळतो, उद्या प्रत्येक पेटी कुठून कुठे गेली ते कळेल, मग एकाच्या हद्दीतला माल दुसऱ्याच्या हद्दीत टाकून रेट तोडणारे उघडे पडतील. ते झालं तर मी पेढे वाटीन.

रावेरचं_कृषी_केंद्र

तुम्ही साबण-बिस्किटवाले आज ज्याला घाबरताय ते आमच्याकडे कधीच येऊन गेलं. आमचं काय झालं ते ऐका, म्हणजे तुमचं काय होईल याचा अंदाज येईल.

२०१८ पासून अनुदानाच्या खताची प्रत्येक गोणी शेतकऱ्याची आधारसारखी ओळख घेऊन, पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) मशीनवर विकली जाते. कंपनीला अनुदान मशीनवर विक्री नोंदली गेल्यावरच मिळतं. म्हणजे माझ्या गोदामात युरिया किती आहे ते दिल्लीला दिसतं. किंमत ठरलेली, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे. मार्जिन ठरलेलं. माहिती माझी नाही, भाव माझा नाही. तुमच्या निवृत्त साहेबांनी जे सांगितलं त्याचा हा शेवटचा टप्पा समजा. तरी मी दुकान उघडून बसलोय. का?

कारण युरियावर मी जगतच नाही. केळीवाला शेतकरी ठिबकमधून सोडायला बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस अशी विद्राव्य खतं नेतो, त्यात चार पैसे आहेत. आणि तो येतो तेव्हा हातात सीएमव्ही (काकडीवर्गातल्या पिकांवरही येणारा विषाणूरोग) आलेल्या केळीचं पान असतं. त्याला नुसती बाटली नको असते. उपटायचं की फवारायचं, शेजारच्या काकडी-भोपळ्याचं काय करायचं, हे विचारायचं असतं. कीटकनाशकं ऑनलाइन विकायला २०२२ च्या नोव्हेंबरात परवानगी मिळाली, लोक मागवतातही, दर बघून. फवारून उपयोग झाला नाही की बाटली घेऊन माझ्याकडे येतात आणि मला विचारतात की असं का झालं!

मात्र फार गोड चित्र रंगवत नाही. हवं ते खत पाहिजे तर नको असलेलं पण उचला, हे लिंकिंग कायद्याने बंद आणि व्यवहारात चालू. ते नको असलेलं मी शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि शिव्या मी खायच्या. साबणवाल्यांकडेही महिनाअखेरीला असंच होतं ना?

चोपड्याचा_एजन्सीवाला

होतं ना भाऊ! २८ तारखेपासून फोन सुरू. “साहेब, फक्त दोन लाखांचं बिल मारू द्या, महिना निघून जाईल.” त्यांचा महिना निघतो, माझ्या गोडाऊनमध्ये फ्लोअर क्लीनर राहतं. आमच्या लासूर लाइनीला अर्ध्या घरांत शेणाने सारवतात, फ्लोअर क्लीनर कुठे विकू?

साहेब म्हणतात तसे आकडे वेगळे काढले. उधारीचं व्याज आणि बुडीत धरून विक्रीच्या पाऊण टक्क्याच्या आसपास जातं. परत आलेला, फुटलेला माल, ज्याचा क्लेम पूर्ण मिळत नाही, तो अर्धा टक्का तरी. म्हणजे साडेचारातले सव्वा टक्के अशा कामाचे, ज्याचं नावसुद्धा करारात नाही.

संपादक

निवडणुकीसंबंधीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहा.

अमळनेरचा_छोटा_हत्ती

मी गाडीवाला. एजन्सीवाल्यांचा माल भाड्याने वाहतो. कुणी पोचवण्याबद्दल नीट बोललंच नाही, म्हणून लिहितो.

पारोळ्याच्या बाजारात एका सकाळी साबणाची गाडी, बिस्किटाची गाडी, मसाल्याची गाडी, थंड पेयांची गाडी, सगळ्या एकाच गल्लीत. प्रत्येक अर्धी रिकामी. दुकानदार एकाचं बिल बघतो तोवर बाकीचे हॉर्न वाजवतात. डिझेल सगळ्यांचं जळतं. पुढे हेच बदलणार असं मला वाटतं. एक गाडी, पाच एजन्सींचा माल, दुकानदाराकडे एकच खेप. शहरात विजेवरची लोडिंग रिक्षा परवडते, मी भाऊबंदाकडे चालवून बघितलीय. पण भरलेली गाडी सातपुड्याच्या चढाला न्यायची तर मी अजून डिझेलच घेईन.

मोठ्या रस्त्यांचं म्हणाल तर धुळे म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्त्यांची चौफुली, गोदामाला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी. ती धुळे जिल्ह्यातून जाणार. जळगाव-मनमाड चौथी लाइन आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइनही त्याच वर्षी मंजूर झाली. हे सगळं झालं की मोठ्या कंपन्या भिवंडीऐवजी धुळ्यात गोदाम टाकतील, असं लोक बोलतात. टाकोत बापडे. पण धुळ्यापासून वैजापूरच्या टपरीपर्यंतचा रस्ता त्या कोटींत नाही. तो आमच्यासारख्यांच्या टायरवर आहे.

निवृत्त_सेल्सवाला

पाच एजन्सींचा माल एका गाडीत, हे बरोबर आहे आणि नेमकं हेच कंपनीला नको असतं. करारात स्वतंत्र गाडी, स्वतंत्र सेल्समन मागतात, कारण स्पर्धकाची पेटी शेजारी दिसली की त्यांच्या पोटात दुखतं. पण शहराच्या बाहेर हा आग्रह आता ढिला पडतोय, खर्च निघत नाही म्हणून. ‘गावच्या लाइनीला गाडी सामाईक’ एवढी ओळ करारात लिहून घ्या. मॅनेजर तोंडी हो म्हणेल, त्यावर जाऊ नका. त्याची पुढच्या वर्षी बदली होते आणि नव्याला काही आठवत नाही.

अवांतर: वनस्पती तुपाची कंपनी १९४५ मध्ये अमळनेरात निघाली आणि पुढे तीच विप्रो झाली, हे अमळनेरकरांना सांगायला नको. शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांचे किस्से सगळे सांगतात, त्या तुपाचे डबे गावोगाव पोचवणाऱ्यांचे कुणी सांगत नाही.

बिबड्या_आणि_मसाला

नमस्कार. मी धरणगावची. आम्ही सहा-सात बायका मिळून बिबड्या (ज्वारीचे वाळवणाचे पापड), उडदाचे पापड आणि खानदेशी काळा मसाला करतो. एफएसएसएआयची नोंदणी आहे, उद्यम आहे. धागा वाचून बरं वाटलं आणि रागही आला.

तुम्ही सगळे कंपनीच्या साडेचार टक्क्यांवर रडताय. मी गेल्या वर्षी एजन्सीवाल्यांच्या दारात गेले तर कुणी म्हणालं, जाहिरात आहे का? कुणी म्हणालं, न विकलेला माल परत घ्याल का? परत घेते म्हटलं तर म्हणे, बघू. सुपरमार्केटवाला दोन महिन्यांनी पैसे देणार आणि मांडणीत ठेवायचे वेगळे मागणार. व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊन कुरिअरने पुण्याला पाठवते, तर अर्धा किलो बिबड्यांचं कुरिअर मालाच्या निम्म्याला जातं आणि पोचेपर्यंत चुरा. घरच्या घरी वाळवण करणाऱ्या बायका कमी होत चालल्यात, मागणी वाढतेय, मला रोज दिसतं. पण जळगावच्या माझ्या मालाला चोपड्याच्या दुकानात जायला वाट नाही, आणि गुजरातची नमकीनची पिशवी धडगावच्या टपरीवर लटकते.

वितरकाला मी १२ टक्के देऊ शकते, दुकानदाराला वेगळे. सांगा कोण घेतंय.

पिंपरीतला_खानदेशी

ताई, मला दोन किलो बिबड्या हव्यात. कुरिअर माझ्याकडे. चुरा झाला तरी चालेल.

खातेपुस्तक_धुळे

ताई, तुमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून असेल तर ४५ दिवसांची तरतूद तुमच्या बाजूची आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा. त्याचा एक तोटाही सांगतो, काही खरेदीदार त्या भीतीनेच लहान उत्पादकाकडून माल घेणं टाळतात. तेव्हा छापा, पण आधी बोलून घ्या.

चोपड्याचा_एजन्सीवाला

ताई, राग रास्त आहे. माझी अडचणही ऐका. १२ टक्के म्हणजे महिन्याला दोन लाखांचा तुमचा माल गेला तर २४ हजार. तेवढे मिळवायला मला कंपनीचा सव्वापाच-साडेपाच लाखांचा माल ओढावा लागतो. गणित तुमच्याच बाजूचं आहे. पण साबण असला की दुकानदार बिल काढतो, नुसत्या पापडासाठी तो गल्ल्यावरून उठत नाही. मोठी कंपनी सोडून नुसता गावरान माल घेतला तर दुकानात शिरायलाच जमायचं नाही. म्हणून मला दोन्ही लागतात. साबण ठेवायचा, पण त्याच्या जिवावर जगायचं नाही, असं काहीतरी.

आता मॅनेजरला काय सांगितलं ते लिहितो. गोडाऊन दुप्पट करणार नाही. दुसरा तालुका घेतो, पण तीन गोष्टी करारात हव्यात: क्लेम ३० दिवसांत, नाहीतर त्यावर व्याज, गावच्या लाइनीला गाडी सामाईक, आणि माझ्या हद्दीतल्या दुकानाने ॲपवरून कुठूनही माल घेतला तरी तो पोचवण्याचा पेटीमागे दर मला. उधारीचं वेगळं मागितलं नाही. ते मागितलं असतं तर तो उठूनच गेला असता. आत्ता “वरती विचारतो” म्हणून गेलाय.

निवृत्त_सेल्सवाला

पहिलं मान्य करतील, व्याजाशिवाय. दुसऱ्यावर कुरकुर करून मान्य करतील. तिसरं कागदावर येणं कठीण, पण मागत राहा. शेजारचा खरंच सोडत असेल तर त्यांच्याकडे तरी दुसरं कोण आहे?

तापीकाठ

आणि पोरगं काय म्हणतंय?

चोपड्याचा_एजन्सीवाला

पोरगं म्हणतं एक वर्ष बघू, पण माझा पगार १५ हजार आधी खर्चात धरा, मग नफा मोजा. धरलाय. आता हिशेब सात हजारांनी तोट्यात दिसतो, तो निदान दिसतो तरी.

@अमळनेरचा_छोटा_हत्ती, वैजापूर लाइनीला आठवड्यातून एक खेप, माझा माल आणि बिस्किटवाल्याचा माल एकत्र, काय घ्याल? धुळ्याचे मेडिकलवाले भाऊ त्या बाजूला काही पाठवत असतील तर त्यांनाही विचारा.

अमळनेरचा_छोटा_हत्ती

दर इथे लिहीत नाही, बाकीचे वाचतात. निरोप टाकलाय. परतीला तिकडून काही भरायला मिळतं का तेवढं बघून ठेवा, मोह-चारोळी काहीही, मग भाव खाली येईल.

धुळ्याचा_स्टॉकिस्ट

चोपड्याचा सब-स्टॉकिस्ट आहे आमचा, त्याला विचारतो. औषधं उन्हात उघडी ठेवायची नाहीत, ताडपत्री पक्की पाहिजे.

बिबड्या_आणि_मसाला

त्याच गाडीत माझ्या दोन पेट्या टाका. एक मसाला, एक बिबड्या. चोपड्यापर्यंत मी पोचवते. फुटलेलं परत घेईन, पण ओलं झालेलं नाही.

चोपड्याचा_एजन्सीवाला

टाकतो ताई. आधी पाच-दहा पाकिटं नमुन्याला पाठवा, लासूर-अडावदच्या दुकानदारांना दाखवतो.

बिबड्या_आणि_मसाला

पाठवते. नमुन्याचे पैसे लागतील, दादा.